संशोधनातील उमेदवारी

'उमेदवारी' हा एके काळी फार कष्टाळू शब्द होता. कचेरीत पगार सुरू होण्याआधी मुलगा वर्ष-दोन वर्षे बिनपगारी राबे. दौती भरी, दफ्तराचे रुमाल सोडी-बांधी, वडील कारकुनाच्या पाठीशी बसून त्याच्या अक्षराचे वळण उचली. याला उमेदवारी करणे म्हणत. वकिलाकडे, वैद्याकडे, छापखान्यात, सगळीकडे असे उमेदवार असत. पुढे निवडणुकांनी हा शब्द उचलून नेला आणि तो पुन्हा काही आमच्या हाती लागला नाही. २०२१ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या देगलूरला विधानसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा तर भिंतीभिंतीवर, रिक्षारिक्षांवर तोच शब्द. आता मुलांपुढे 'उमेदवारी' म्हटले की ती तिकिटाविषयी बोलू लागतात.

मला जुन्या अर्थाच्या उमेदवारीविषयी लिहावयाचे आहे, आणि तीही इतिहास-संशोधकांच्या. चिवडा-चकलीच्या ताटाशेजारी हा विषय जरा रुक्ष वाटेल हे मी जाणून आहे. परंतु वाचकांनी थोडे सोसावे. या विषयाचा त्यांच्या घरच्या माळ्यावरील पेटीशी फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

देगलूर तालुक्यात होट्टल नावाचे खेडे आहे. जुने नाव पोट्टल. तेथील सिद्धेश्वराचे मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातले. आमच्याकडून फार लांब नव्हे. अलीकडे मंदिराची दुरुस्ती झाली, महोत्सवही भरू लागला, नांदेडची मंडळी सहकुटुंब येतात, बाह्य भिंतीवरल्या सुरसुंदरींची छायाचित्रे घेतात आणि तृप्त होऊन परततात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मूर्ती आहेतच तशा देखण्या. मात्र होट्टलला कोरीव लेखही आहेत, आणि त्यांच्यापुढे फारसे कोणी थांबत नाही. थांबणार तरी कशाला? काळपट दगड, त्यावर ओळीने बसवलेली गोल गोल अक्षरे, आणि भाषा कानडी.

कानडी! मराठी मुलुखात कानडी लेख कसे, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला पडेल. देगलूरकराला पडत नाही. येथे बाजारात एका वेळी मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषा ऐकू येतात. तेलंगणाची हद्द हाकेवर, कर्नाटकाची फार तर दोन हाकांवर. चालुक्य राजांच्या राजवटीत दानपत्रे कानडीत आणि संस्कृतात कोरली जात. पुढे देवगिरीच्या यादवांच्या काळात मराठी दगडावर ठळकपणे येऊ लागली. म्हणजे नांदेड-लातूरकडील ज्या माणसाला आपल्या गावचा नऊशे वर्षांपूर्वीचा इतिहास वाचावयाचा आहे, त्याला जुनी कानडी आली पाहिजे. तीनशे वर्षांपूर्वीचा वाचावयाचा असेल तर फारसी आणि मोडी. शंभर वर्षांपूर्वीचा वाचावयाचा तर निजामी कचेरीतील उर्दू. नुसती मराठी येणाऱ्याच्या वाट्याला येथे इतिहासाचा फार तर वरचा पापुद्रा येतो.

माझा जन्म शिक्षकीत गेला. इतिहास विषय घेऊन पीएच.डी.साठी नाव नोंदवणारी पुष्कळ मुले-मुली मी पाहिली. हुशार, गरीब घरातली, चिकाटीची. विषय मोठमोठाले असत. परंतु त्यांतल्या बहुतेकांनी मूळ कागद वा मूळ दगड कधी हाती धरलेला नसे. पुस्तकावरून पुस्तक, असा व्यवहार. एकदा अशाच चौघांना घेऊन मी होट्टलला गेलो होतो. एका मुलीचे आजोळ औरादकडचे, म्हणजे घरात आई कानडी बोलणारी. ती दगडासमोर उकिडवी बसली, बोटाने धूळ झाडीत राहिली आणि म्हणाली, "सर, हे 'श्री' वाटतंय. पुढचं मात्र आमच्या कानडीसारखं नाही." ती अगदी बरोबर बोलली होती. अकराव्या-बाराव्या शतकातली कानडी आणि आजची कानडी यांत ज्ञानेश्वरी आणि वर्तमानपत्र यांच्याइतके अंतर आहे. तरी त्या एका 'श्री'ने तिच्या तोंडावर जो उजेड आला, तो मी तिच्या शोधनिबंधाच्या एकाही पानावर पाहिलेला नव्हता.

आता लेख वाचणे म्हणजे काय काय, हे थोडे सविस्तर सांगतो. कारण येथेच खरी उमेदवारी आहे.

प्रथम दगड धुवावयाचा. त्यावर तेल, शेंदूर, चुना, अलीकडे ऑइलपेंट, जे काही भाविकांनी चढवले असेल ते हलक्या हाताने काढावयाचे. लोखंडी खरवडणीने अक्षर जाते, मग देवही क्षमा करीत नाही. गावकऱ्यांना आधी विचारावे लागते, समजावून सांगावे लागते. 'धन काढायला आलेत' हा संशय प्रत्येक गावात तयारच असतो. पुजाऱ्याशी, सरपंचाशी कसे बोलावे हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही, आणि त्याच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. मग जाडसर, पाणी पिणारा कागद भिजवून दगडावर बसवावयाचा आणि केसाळ ब्रशने हळूहळू ठोकावयाचा, म्हणजे तो अक्षरांच्या खोबणीत शिरतो. कागद अर्धवट वाळला की कापडाच्या बोळ्याने शाई टिपटिपत चढवावयाची. उंच भाग काळा होतो, खोदलेले अक्षर पांढरे राहते. याला ठसा घेणे म्हणतात. पाणी जास्त झाले की कागद फाटतो, शाई जास्त झाली की अक्षर बुडते, वारा सुटला की सगळेच उडते. हे वाचून येत नाही. ज्याला येते त्याच्या शेजारी उभे राहून, पाण्याची बादली धरून येते.

ठसा आला की ओळीने नक्कल. जे दिसते तेच लिहावयाचे, जे असावेसे वाटते ते नव्हे. शंकास्पद अक्षर कंसात, गेलेल्या अक्षराच्या जागी टिंब. कोरणाऱ्याने चूक केली असेल तर ती चूकही जशीच्या तशी. नवशिक्याला येथे फार मोह होतो. राजाचे नाव अर्धे दिसते आणि उरलेले तो आपल्या पदरचे घालतो. मग काळ. लेखात शकाचा आकडा असतो, संवत्सराचे नाव असते, मास, पक्ष, तिथी आणि वार असतात. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन आला, हे शाळेचे गणित. पण तिथी जानेवारीनंतरची असेल तर एकोणऐंशी, आणि शक 'गत' धरला की 'वर्तमान' यावरून एका वर्षाचा फरक. वार जुळतो का हे पाहावे लागते. जुळला नाही तर वाचनात कुठेतरी खोट आहे असे समजावे. या कामासाठी स्वामिकन्नू पिल्ले यांनी इंग्रजीत मोठी पंचांगसारणी करून ठेवली, ती अभ्यासकांनी कित्येक वर्षे वापरली. त्यानंतर जमिनीचे 'मत्तर' हे माप, 'गद्याण' हे नाणे, दान देणाऱ्याची बिरुदे, आणि शेवटी दान हिरावून घेणाऱ्याला दिलेले शाप. साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होशील, असे राजदरबारचे पंडित गंभीरपणे लिहून ठेवीत. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असे काही छापावयास हरकत नाही, असे मला कधीकधी वाटते.

एवढे सगळे एका माणसाला कोण शिकवणार? युरोपात या प्रश्नाचे उत्तर एका संस्थेने दिले. पॅरिसला १८२१ साली 'एकोल दे शार्त' नावाची शाळा निघाली ती याचसाठी, की तरुणांनी जुनी दप्तरे वाचावयास, त्यांचा काळ ठरवावयास आणि ती सांभाळावयास शिकावे. मौज अशी की त्याच १८२१ साली पुण्यात, पेशवाई बुडून तीन वर्षे होतात तोच, संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. पण कागद वाचणाऱ्यांची शाळा आपल्याकडे निघाली नाही. आपल्याकडे निघाली ती माणसे.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत मजल नेली. त्यांना कोणी शिकवले नव्हते. पायी हिंडून, वाड्यावाड्यांतून नकारघंटा ऐकून ते शिकले. पण त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, आणि मंडळाच्या पाक्षिक सभा ही उमेदवारांची खरी तालीम झाली. नवखा तरुण एखादा कागद घेऊन येई, त्यावर लहानसे टिपण वाची. समोर बसलेली जुनी मंडळी त्याचे वाचन तपाशीत, तारीख तपाशीत, निष्कर्ष सोलून काढीत. पुष्कळांना त्या सभेत घाम फुटला असेल. आज 'सादरीकरणाचे कौशल्य' या नावाने जे शिकवतात ते हेच; फरक इतकाच की समोरची मंडळी टाळ्या वाजवण्यास बसलेली नसत.

त्याच मंडळात गणेश हरी खरे होते. १९०१ चा जन्म. जवळजवळ सारी हयात मंडळाच्या दफ्तरात आणि वस्तुसंग्रहात गेली. मोडी, फारसी, कानडी, संस्कृत. नाणी, मूर्ती, ताम्रपट, कालगणना. मराठी मुलुखातले कानडी लेख हुडकून, वाचून त्यांनी 'दक्षिणेच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने' या खंडांतून छापले. आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी नवशिक्यांसाठी एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'संशोधकाचा मित्र'. नाव पाहा! 'संशोधनपद्धती' नव्हे, 'शास्त्र' नव्हे, मित्र. जो वाटेत भेटतो, शेजारी चालतो आणि खड्डा आला की दंड धरतो तो. पुण्याबाहेरच्या, गुरू नसलेल्या माणसाची खऱ्यांना आठवण होती, असे मला त्या नावावरून वाटते. मंडळापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या मराठवाड्यातल्या शाळामास्तराला पाक्षिक सभेला जाणे शक्य नव्हते. पण पुस्तक टपालाने येऊ शकत होते.

खोदकामाच्या विद्येची कथा थोडी निराळी. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले तेव्हा हसमुख सांकळिया तेथे पुरातत्त्वाचे प्राध्यापक म्हणून आले. लंडनला शिकत असताना ते मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननावर राबले होते. व्हीलर पुढे हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी १९४४ साली तक्षशिलेला विद्यार्थ्यांची छावणी भरवून तरुणांना थर कसे ओळखावेत, नोंद कशी ठेवावी हे उन्हात उभे करून शिकवले. साहेबाचा स्वभाव फौजी होता, पण एक पिढी त्याने घडवली हे कबूल केले पाहिजे. सांकळियांनी नेवासे येथे १९५४ ते ५६ खोदले. १९६० साली त्याचा वृत्तान्त छापला गेला, त्यावर शां. भा. देव, अन्सारी अशा सहकाऱ्यांची नावे लेखक म्हणून आहेत. ज्याने घाम गाळला त्याचे नाव वर, ही शिस्त उमेदवाराला जन्मभर पुरते. ती न पाळणारेही गुरू असतात. मुले त्यांच्याविषयी माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

आता आमच्याकडे येतो. निलंग्याचा जन्म असलेले सेतुमाधवराव पगडी हे या विषयातले आमचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. १९१० साली जन्म, निजामी राज्यात वाढ, पुढे त्याच राज्याच्या मुलकी सेवेत अधिकारी. प्राध्यापक ते नव्हते. आदिलाबादकडे नेमणूक झाली तर तेथे गोंडी शिकले, नुसती बोलावयास नव्हे, तिचे व्याकरण लिहिण्याइतकी. उर्दू तर राज्याचीच भाषा. तिच्या हाताला धरून फारसी आली. आणि मग या माणसाने मोगल दरबाराची अखबारे, म्हणजे दरबारात रोज काय घडले याची बातमीपत्रे, मराठीत आणली. औरंगजेबाच्या छावणीत वावरलेल्या भीमसेन सक्सेना याची फारसी आठवण मराठीत आणली. शिवाजी-संभाजीच्या काळाकडे शत्रूच्या तंबूतून कसे दिसत होते ते मराठी वाचकाला प्रथमच एवढ्या भरघोसपणे कळले. ज्या उर्दूला मराठवाड्यातली मुले 'लादलेली भाषा' म्हणून कंटाळत, तिचेच त्यांनी हत्यार केले. लादलेली होतीच, याविषयी वाद नाही. मराठी शाळा काढण्यासाठी लोकांनी काय सोसले ते आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिले आहे. परंतु १९४८ नंतर आपण त्या रागात भाषाही टाकून दिली, आणि तिच्याबरोबर आपलेच सारे दफ्तर मुके झाले.

होट्टलच्या दगडांचे काय झाले? त्यांना वाचा फुटली ती १९६८ साली. नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने नांदेड जिल्ह्यातील कोरीव लेखांचा संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. संपादक दोघे, धारवाडचे श्रीनिवास रित्ती आणि गणपतराव शेळके. कानडीचा जाणकार आणि जिल्ह्याच्या वाटा ठाऊक असलेला माणूस यांची अशी जोडी जमली म्हणजे काय होते त्याचा हा पुरावा. महाविद्यालय तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. नव्या महाविद्यालयाने इमारतीआधी शिलालेखांचे पुस्तक काढावे, ही गोष्ट मला आजही सणासारखी वाटते. रित्तींनी पुढे सोलापूरच्या आनंद कुंभार यांच्या जोडीने तसेच काम सोलापूर जिल्ह्यासाठी केले. धारवाडचा माणूस नकाशावरची रेघ ओलांडून आला, दोनदा आला, आणि सीमावादाच्या त्या तापलेल्या दिवसांत दगड कुणाचा हे विचारीत न बसता दगडावर काय लिहिले आहे ते वाचून गेला.

मग आज शिकवण अगदीच नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ सालच्या नियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला पूर्वअभ्यास सक्तीचा केला. २०१९ च्या अखेरीस संशोधन आणि प्रकाशनाची नीती हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आला. २०२२ च्या नियमांत किमान बारा श्रेयांक पुरे करावे लागतात, शिवाय अध्यापनाचे आणि लेखनाचे शिक्षणही घ्यावयाचे आहे. विलायतेतही हाच वारा वाहिला. तेथे गॅरेथ रॉबर्ट्स यांच्या २००२ च्या अहवालानंतर संशोधक विद्यार्थ्यांना वर्षाकाठी काही दिवस व्यावसायिक कौशल्यांसाठी राखून ठेवण्याची पद्धत पडली. नीतीचा अभ्यासक्रम मला मनापासून आवडतो. उसनवारी न सांगता लिहिणे ही आपली जुनी खोड आहे, तिला नाव मिळाले हे उत्तम. पण सभागृहात दोन दिवस बसून, चहा-बिस्किटे आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्र घेऊन मुले बाहेर पडतात तेव्हा मी त्यांना एक मोडी कागद दाखवतो. प्रमाणपत्र त्यांना वाचता येते.

आता ती माळ्यावरची पेटी. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या जुन्या दफ्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. त्यामागच्या वादात मला येथे शिरावयाचे नाही. मला दिसले ते एवढेच, की मोडी येणारा आणि जुनी उर्दू लिपी वाचणारा माणूस जिल्ह्याजिल्ह्यातून शोधावा लागला. ज्या वृद्धाला घरात कोणी विचारीत नव्हते, ज्याच्या मोडीची नातवंडे थट्टा करीत, त्याच्या दारात सरकारी गाडी उभी राहू लागली. लोकांच्या मुलांचे प्रवेश आणि नोकऱ्या एका ओळीच्या वाचनावर येऊन ठेपल्या. त्या ओळीत 'कु' आहे की 'क' आहे, हे कोणी सांगावे? मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची मौज, उर्दू शिकस्त्यात नुक्त्यांचा पत्ता नाही. येथे अदमासाने वाचणारा माणूस कोणाचे तरी आयुष्य वाकडे करून ठेवतो. जे दिसते तेच लिही, शंका कंसात ठेव, ही खऱ्यांच्या पिढीची शिकवण त्या दिवसांत तहसील कचेरीच्या व्हरांड्यात फार निकडीची होऊन बसली होती.

आणि नेमके याच दिवसांत, दिवाळीच्या साफसफाईत, घराघरांतून असे कागद बाहेर पडतात. पणजोबांच्या वहीत गुंडाळलेले, वाळवीने कडा खाल्लेले, कुणालाच न वाचता येणारे. ते रद्दीत जातात, नाही तर अभ्यंगस्नानाच्या पहाटे बंबात जातात. मी स्वतः एका घरी बंबाच्या तोंडातून एक अर्धा रुमाल ओढून काढला आहे. त्यात एका विहिरीच्या पाळीपाण्याचा निवाडा होता, सगळ्या वाटेकऱ्यांची नावे आणि कुणी कोणत्या वारी मोट चालवावी यासह. घरच्या आजीबाई म्हणाल्या, "घ्या बापू, तुमच्या कामाचं असेल तर घ्या. आमाला काय कळतंय त्यातलं." त्यांच्या दृष्टीने तो जळणाचा कागद होता आणि पाणी तापलेले नव्हते.

देगलूर हे गुंडा महाराजांचे गाव. कीर्तनाची परंपरा येथे घरोघरची आहे, आणि कीर्तनकार कसा तयार होतो ते येथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आधी कित्येक वर्षे टाळ घेऊन मागे उभे राहावयाचे. बुवा कोठे थांबतात, कोठे आवाज सोडतात, दृष्टान्त कोठे आवरतात हे पाहावयाचे. मग एके दिवशी बुवा पुढे ढकलतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेत कीर्तनकार घडवण्याची कल्पना कोणी मांडली तर आमच्याकडची माणसे हसतील. संशोधकाच्या बाबतीत मात्र ती कोणाला हसण्यासारखी वाटत नाही.

होट्टलच्या दगडासमोर बसलेली ती मुलगी सध्या जुनी कानडी शिकते आहे. सीमेपलीकडच्या एका निवृत्त शिक्षकाकडे दर रविवारी एस.टी.ने जाते, ते फी घेत नाहीत, पण गृहपाठ कडक तपासतात. ठशाचा कागद मी मागवून ठेवला आहे. भाऊबीज झाली की ऊन सौम्य होते, हवा कोरडी होते, वाराही फारसा नसतो; ठसे घेण्यास पौषापर्यंतचे दिवस चांगले. बादली मी धरणार आहे.